शेळीच्या दुधाचा माग : व्हॅलेटातील तीन दिवस

आम्हा डॉक्टरमंडळींची सुट्टी ही बहुधा चोरलेलीच असते. दवाखाना सांभाळणारा कोणी मिळाला, एखादी साथ ऐन भरात नसली, तर फार तर पाच-सहा दिवस हाती लागतात. तेवढ्यात युरोपातील सहा देश पाहून येणाऱ्या मित्रांच्या उत्साहाचा मला हेवा वाटतो; अनुकरण मात्र करवत नाही. गेल्या ऑक्टोबरात आम्ही उभयता भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर, व्हॅलेटा या एकाच शहरी चार रात्री राहून आलो. “एवढ्या लांब जाऊन माल्टाच का?” असे अनेकांनी विचारले. त्याच्या उत्तरासाठी आधी आपल्या खानापूर तालुक्यात जावे लागेल.

वीस-बावीस वर्षे झाली. नऊ वर्षांचा एक मुलगा तीन आठवड्यांचा ताप घेऊन माझ्याकडे आला. ताप सायंकाळी चढे, पहाटे घामाने अंथरूण भिजे, दोन-चार दिवस बरे जात आणि पुन्हा तेच. प्लीहा हाताला लागत होती. विडाल चाचणी किंचित सकारात्मक निघाली आणि मी विषमज्वर समजून उपचार सुरू केले. दहा दिवसांनी मुलगा लंगडत आला, तेव्हा माझ्या मनात क्षयाने घर केले. औषधे लिहिण्यापूर्वी एका ज्येष्ठ स्नेह्यांना दूरध्वनी केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “घरी शेळ्या आहेत का हो?” मी विचारलेच नव्हते! घरी अकरा शेळ्या होत्या, त्यांतील दोन त्या हंगामात गाभडल्या होत्या, आणि आजी नातवाला रोज धारोष्ण दूध पाजत होती. ब्रुसेलाची चाचणी ठळकपणे सकारात्मक आली. दोन औषधे सहा आठवडे घेऊन मुलगा बरा झाला. वाया घालवलेले दिवस माझ्या खाती जमा राहिले. दूध उकळून द्या म्हणताच आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, उकळल्यावर दुधाचा कसच निघून जातो की!” त्यांना उत्तर देताना मी अडखळलो, कारण धारोष्ण दुधाचे गुण माझ्या आईनेही असेच गायिले होते.

या आजाराचे जुने नाव ‘माल्टा ताप’. तेव्हापासून ते बेट मनात होते.

आता प्रवासाची सिद्धता. माल्टा 2004 पासून युरोपीय संघात आणि 2007 च्या अखेरीपासून शेंगेन क्षेत्रात आहे. म्हणजे व्हिसा शेंगेनचा, आणि त्यासाठी किमान 30,000 युरोचे आरोग्यविमा संरक्षण आवश्यक. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो; शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नये. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळावे. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर उत्तम. माल्टी भाषेच्या बरोबरीने इंग्रजी ही राजभाषा असल्याने बोलण्याची अडचण नाही. वाहने आपल्यासारखी डावीकडून धावतात, विजेच्या खोबणी मात्र ब्रिटिश पद्धतीच्या असल्याने जोडणी बरोबर न्यावी. विमानतळ शहरापासून इतका जवळ आहे की साध्या बसने येता येते.

मुक्काम तटबंदीच्या आतच करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. 1565 च्या तुर्की वेढ्यातून बेट वाचले आणि पुढच्याच वर्षी सेंट जॉनच्या सरदारांचे प्रमुख जां द ला व्हॅलेट यांनी या शहराची पायाभरणी केली. लांबी जेमतेम एक किलोमीटर. मधल्या उंचवट्यावरून रिपब्लिक स्ट्रीट सरळ जातो आणि दोन्ही अंगांना गल्ल्या समुद्राकडे उतरतात; कित्येक तर निव्वळ पायऱ्यांच्याच. सौ.च्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही निवास माथ्यावरच घेतला. सायंकाळी परदेशी पाहुण्यांचे तांडे पांगले की दगडी भिंतींवर पिवळा उजेड पडतो आणि रंगीत लाकडी सज्जांखालून आपण एकटेच चालत असतो. शहराबाहेर राहिलात तर हे दिसायचे नाही.

पहिला दिवस मी रुग्णालयासाठी राखला होता. हे सरदार मुळात रुग्णसेवेसाठी संघटित झालेले. 1574 मध्ये त्यांनी बांधायला घेतलेले ‘साक्रा इन्फर्मेरिया’ आज परिषदांसाठी वापरले जाते. त्यामुळे आपल्या दिवशी तेथे एखादे संमेलन नाही ना, याची चौकशी आधी करावी. त्याचा मोठा कक्ष 155 मीटर लांब आहे. रिकाम्या कक्षाच्या एका टोकाशी उभे राहिले तर दुसऱ्या टोकाचा माणूस बोटाएवढा दिसतो. रुग्णांना चांदीच्या ताटांतून जेवण मिळे आणि सरदार स्वतः पाळीपाळीने वाढीत. 1676 मध्ये येथे शरीररचना व शल्यशास्त्राची पाठशाळाही निघाली. हे वाचून भारावून जायला होते, परंतु याच सरदारांच्या जहाजांवर गुलाम वल्ही मारीत आणि रुग्णालयातली हलकी कामेही गुलामच करीत, हेही तेथे उभे असताना आठवावे. चांदी पुढे 1798 मध्ये नेपोलियनच्या फौजेने लुटली.

दुसऱ्या दिवशी सेंट जॉनचे को-कॅथिड्रल. रविवारी ते पर्यटकांना बंद असते, म्हणून दिवसांची आखणी त्याभोवती करावी. आत कारावाज्जोचे 1608 मधील योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. त्याने स्वाक्षरी केलेले हे एकमेव चित्र, आणि ती स्वाक्षरीही गळ्यातून सांडलेल्या रक्तात! दुपारी बाराला अप्पर बराक्का उद्यानाखालची सलामीची तोफ ऐकली, उद्वाहकाने बंदराशी उतरलो आणि नावेने समोरच्या बिर्गू गावी जाऊन आलो. गुडघ्यांसाठी तो उद्वाहक म्हणजे वरदानच.

तिसरा दिवस डॉ. थेमिस्टोक्लीस झामित यांचा. 1887 मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी या तापाचा जंतू शोधल्याचे प्रसिद्ध केले; परंतु तो माणसात येतो कोठून, हे पुढची अठरा वर्षे कळले नाही. डास, हवा, पाणी, सांडपाणी, सर्वांवर संशय घेऊन झाला. 1905 मध्ये झामित या माल्टी डॉक्टरांनी प्रयोगासाठी आणलेल्या शेळ्यांचे रक्त तपासले. दिसायला धडधाकट असलेल्या शेळ्यांच्या रक्तातच रोगाची खूण निघाली. त्या काळी व्हॅलेटात गवळी शेळ्यांचे कळप घेऊन दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देत. पाण्याची भेसळ नको म्हणून लोकांना हीच पद्धत खात्रीची वाटे. खात्रीचे दूधच घात करीत होते! पुढच्या वर्षी लष्कराने सैनिकांचे शेळीचे दूध बंद केले आणि छावणीतला ताप झपाट्याने ओसरला. नागरिकांसाठी पाश्चरीकरणाचे केंद्र निघायला मात्र 1938 उजाडले. जंतूला नाव मिळाले ब्रूसचे. शेळीपर्यंत पोहोचणाऱ्या डॉक्टरचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते.

झामितांची प्रयोगशाळा मर्चंट्स स्ट्रीटवरील ‘कास्तेलानिया’ या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत होती. आज तेथे आरोग्य मंत्रालय आहे. आतील लहानसे संग्रहालय पाहायचे असल्यास आधी लिहून परवानगी विचारावी. आम्ही आळस केला आणि दारावरूनच परतलो. एका बालरोगतज्ज्ञाने अकरा शेळ्यांच्या ऋणापोटी इतक्या लांब जावे आणि चिठ्ठी लिहायला विसरावे, यावर सौ.ने जे म्हटले ते येथे छापता येणार नाही.

दुसरे काम मात्र वेळेवर केले होते. झामित उत्खननशास्त्रातही अग्रणी होते. पावला गावातील ‘हाल साफ्लिएनी हायपोजियम’ हे खडकात कोरलेले, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचे भूमिगत दफनस्थान. त्याच्या उत्खननात त्यांचा मोठा वाटा होता. श्वासातील वाफेने व कर्बवायूने भिंतींवरील रंग बिघडतात, म्हणून दिवसाला केवळ 80 माणसांना आत सोडतात. तिकीट दोन-तीन महिने आधी काढावे. ऐनवेळी मिळेल या भरवशावर जाऊ नये. तेथे सापडलेली निद्रिस्त स्त्रीची तळहाताएवढी मूर्ती व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

गोझो बेट आम्ही सोडून दिले. तेथील प्रसिद्ध नैसर्गिक कमान तशीही 2017 मध्ये समुद्रात कोसळली आहे. शाकाहारी मंडळींना वाटाण्याच्या सारणाची खुसखुशीत ‘पास्तित्सी’ आवडेल, फक्त पारीत चरबी घातली आहे का ते विचारून घ्यावे. भाषेची मौज अशी की ती अरबी वळणाची, पण रोमन लिपीत लिहिलेली. कट्टर कॅथलिक माणूसही देवाला ‘अल्ला’ म्हणतो आणि दुधाला ‘हलीब’.

निघण्याच्या सकाळी एका दुकानात ‘ज्बेयना’ नावाचे तेथले लहान गोल चीज घेतले. 1995 मध्येही अशाच न तापवलेल्या दुधाच्या चीजमधून माल्टात हा ताप पुन्हा उद्भवला होता, हे मी सौ.ला आदल्या रात्री सांगितले होते. मी पैसे काढीत होतो, तेवढ्यात तिनेच विचारले, “दूध पाश्चराइज्ड आहे ना?” दुकानदारीण बाई हसल्या, आणि काही न बोलता त्यांनी डबी उलटी करून खालची चिठ्ठी आमच्यापुढे धरली.