पडवींतील सांधकाम

कर्जत तालुक्यांतील कडाव हें आमचें मूळ गांव. बाल दिगंबर गणेशाच्या दर्शनास जाणाऱ्या पुष्कळ वाचकांस तें ठाऊक असेल. आमचें घर जुन्या कोंकणी वळणाचें : पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें पडवी व तिला लागून गोठा. गोठ्यांत आतां दोनच गुरें उरलीं आहेत, पण माळा भाताच्या पेंढ्यानें दरसाल भरतो. दोन वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें याच पडवींत 'टिग' सांधकामाची छोटीशी कर्मशाळा थाटण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं हातांतली जपमाळ खालीं ठेविली व वर माळ्याकडे पाहिलें. त्या कांहींच बोलल्या नाहींत. पण त्यांचा आक्षेप सर्वांस कळला.

टिग म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कासार भांड्यास डाग देतो तेव्हां लवकर वितळणारा निराळा धातु फटींत भरतो. लोहार दोन लाल तुकडे घणाखालीं एकजीव करतो. टिग पद्धतींत मूळचा धातूच वितळवून सांधला जातो. टंगस्टनच्या बारीक कांडीपासून कामाच्या तुकड्यापर्यंत विजेची ज्योत पेटते. टंगस्टन ३४२२ अंश सेंटिग्रेडपर्यंत वितळत नसल्यामुळें कांडी शाबूत राहते. वितळलेल्या धातूस हवा लागूं नये म्हणून कांडीभोंवतालच्या चिनी मातीच्या नळींतून आर्गॉन वायु सोडतात. हा वायु १८९४ सालीं रॅले व रॅम्झे यांनीं शोधला. तो कशाशींच संयोग पावेना, म्हणून त्यास ग्रीक भाषेंतील 'आळशी' या अर्थाचें नांव मिळालें. एकत्र कुटुंबांत आळशी मनुष्यहि कधीं उपयोगी पडतो, तशांतलाच हा प्रकार! अमेरिकेंतील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यांत रसेल मेरेडिथ यांनीं १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियमचे भाग सांधण्यासाठीं ही पद्धति सिद्ध केली. त्यांनीं आर्गॉनऐवजीं हेलियम वापरला होता.

विजेचें नवल आमच्या भागास नाहीं. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं व भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें. घाटावरचें पाणी खालीं आणून केलेली ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठीं होती. घरांतील विजेची तार मात्र आम्हांला नव्यानें ओढावी लागली. जुन्या बारीक तारेवर असें यंत्र चालविणें म्हणजे भिंतींत आग पेरणेंच होय. परवानाधारक तारतंत्र्याकडून स्वतंत्र तार, स्वतंत्र खटका, गळती होतांच प्रवाह तोडणारें साधन आणि जमिनींत पुरेसा खोल भूसंबंध, एवढें झाल्यावांचून यंत्र घरांत येऊं द्यावयाचें नाहीं, असें मीं स्पष्ट बजावलें.

पेंढ्याचा प्रश्न मातोश्रींनीं स्वतःच सोडविला. पेंढा परसांतील माचावर हलविण्याचा हुकूम त्यांनीं दिला व तो पुरता हलेपर्यंत पुतण्यास पडवींत पाऊल टाकूं दिलें नाहीं.

एवढें करूनहि चूक झालीच, आणि ती माझी होती. पडवी व स्वयंपाकघर यांमधील दार लावून घेण्याचें काम माझ्याकडे होतें. एका रविवारीं तें उघडें राहिलें आणि धाकट्या बंधूंचा सात वर्षांचा मुलगा उंबऱ्यावर बसून ती निळी ज्योत बराच वेळ न्याहाळीत राहिला. दिवसभर कांहीं नाहीं. मध्यरात्रीं मात्र तो डोळ्यांत वाळू गेल्यासारखा रडूं लागला, पापण्या उघडेनात. त्या रात्रीं घरांत कोणी झोंपलें नाहीं व कोणी माझ्याशीं बोललेंहि नाहीं. ज्योतींतील अतिनील किरणांनीं बुबुळावरील पडदा भाजतो व त्याची वेदना कित्येक तासांनंतर सुरू होते, हें सकाळीं वैद्यकीय तपासणीनंतर कळलें. दोन दिवसांत डोळे पूर्ववत् झाले. पुतण्यानें यंत्राची तार काढून मातोश्रींच्या स्वाधीन केली. अभेद्य पडदा लागेपर्यंत, पडवीच्या पांढऱ्या भिंतींस किरण परतवूं न देणारा काळपट रंग चढेपर्यंत व दारास आंतून कडी बसेपर्यंत ती तार देवघराच्या कोनाड्यांत होती.

ज्यांस हा छंद लावून घ्यावयाचा असेल त्यांनीं पैसा प्रथम मुखवट्यांत घालावा, मग यंत्रांत. ज्योत पेटतांच आपोआप काळवंडणारी कांच उत्तम. कपडे जाड सुती असावेत, नायलॉनचे कदापि नकोत. लाल टोंकाच्या कांड्यांत थोरियम असतें; तें किंचित् किरणोत्सर्गी असल्यामुळें टोंक घासतांना उडणारी धूळ श्वासांत जाणें बरें नव्हे. लँथॅनम मिसळलेल्या कांड्या घ्याव्यात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा सांधूं नये, त्याच्या धुरानें ताप भरतो. क्लोरीनयुक्त द्रावकानें पुसलेला धातु तर ज्योतीजवळहि आणूं नये. त्यांतून फॉस्जीन हा विषारी वायु निघतो.

७ घनमीटर आर्गॉनचें नळकांडें मिनिटास ८ लिटर या मानानें साडेचौदा तास पुरतें. तें सांखळीनें भिंतीस बांधलेलें असावें. आर्गॉन हवेहून जड व गंधहीन असल्यामुळें गळला तर खोलींत तळाशीं सांचून श्वास कोंडतो. म्हणून खिडकी उघडी हवी, पण वारा थेट कामावर नको, कारण वायूचें संरक्षक आवरण उडून सांधा भोंकाभोंकांचा होतो. आमच्या पडवीस हें साधण्यास दोन महिने लागले.

पोलादास मिलिमीटरमागें सुमारें ४० अँपिअर प्रवाह लागतो. अल्युमिनियमची गोष्ट निराळी. तें ६६० अंशांस वितळतें, पण त्यावरील गंजाचा पापुद्रा २०७२ अंशांपर्यंत दाद देत नाहीं. तो फोडण्यासाठीं उलटसुलट वाहणारा प्रवाह देणारें अधिक महाग यंत्र घ्यावें लागतें. नवशिक्यानें त्याच्या नादीं लागूं नये.

उजव्या हातांत ज्योत, डाव्या हातांत भरणाची तार व पायाखालीं प्रवाह कमीजास्त करणारा दांडा, अशी ही कसरत आहे. पुतण्यास ती साधण्यास महिना लागला. आमच्या वहिनींनीं पाऊणशें वेळां शिवणयंत्र चालविलेल्या पायानें तिसऱ्याच दिवशीं सरळ सांधा घातला! त्या दिवसापासून पुतण्या पत्रे कापतो व त्या सांधतात.

पावसाळ्यांत मात्र कडावची हवा लोखंडास वैरीण होते. संध्याकाळीं घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळीं तांबूस दिसतो, आणि मळक्या धातूवर टिगचा सांधा बसत नाहीं. म्हणून जून ते सप्टेंबर कर्मशाळा बंद असते. नळकांड्याची तोटी आवळून, यंत्र कापडांत गुंडाळून माजघरांतील फडताळांत ठेवलें आहे. देवघराच्या समईचा सुटलेला पाय दसऱ्यापर्यंत तसाच राहील. पितळ टिगनें सांधावें कीं कासाराकडून झाळून घ्यावें, याविषयीं वहिनींचें व पुतण्याचें अद्याप एकमत झालेलें नाहीं.