ब्रह्मपुरीची भांडी : रोमची किती, आपली किती?

कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास काशाच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती पुष्कळांना ठाऊक असते. भांड्यांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही, आणि आमच्या मते खरी गंमत तिथेच आहे. (१९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन करून सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली.)

भांडं परदेशी की इथलं, हे ठरवायचं कसं? 'सुबक आहे, म्हणजे रोमचंच' एवढ्यावर भागत नाही. ही खोड आपल्याकडे जुनीच, बरं का! अभ्यासक आधी मूठ बघतात. ती वेगळी ओतून डाख देऊन जोडलेली असते. खालच्या टोकाला नक्षी कसली, ते महत्त्वाचं. मग बूड : चरकावर कातल्याच्या गोल खुणा आहेत का? मग जोडीदार शोधायचा. पाँपेई इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणून तिथल्या भांड्यांचा काळ पक्का. जर्मनीत एगर्स यांनी तर १९५१ मध्ये साम्राज्याबाहेर गेलेल्या भांड्यांना प्रकारवार क्रमांकच दिले.

रिचर्ड डी प्यूमा यांनी कोल्हापूरचा साठा असा चाळला. १९९१ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखात थोड्याच वस्तू रोमकडच्या ठरल्या. बाकीच्या आपल्याच कारागिरांच्या!

ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन दालनांत मुलांना न्याल, तेव्हा सुरयांच्या मुठी जरूर दाखवा. सुट्टीत कोल्हापूरला गेलात, तर टाऊन हॉल म्युझियम आहेच.