विजेची मोटार : किलोमीटरमागे खर्च किती?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याची ओळख वाहन उद्योगाने घडविली आहे. १९६० नंतरच्या दशकात आकुर्डीला बजाजचा व पिंपरीला टेल्कोचा कारखाना उभा राहिला आणि पुढे चाकण परिसरात महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ या कंपन्या आल्या. आता याच पट्ट्यात विजेवर चालणारी वाहनेही तयार होत आहेत. विजेवरील चेतक स्कूटरचे उत्पादन २०१९ मध्ये चाकणला सुरू झाले, तर महिंद्रच्या विजेवरील मोटारींचे उत्पादन चाकणच्याच कारखान्यात होते. पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या विजेवरील बसगाड्या फेब्रुवारी २०१९ पासून या भागातील रस्त्यांवर धावत आहेत.

विजेची वाहने अशी डोळ्यांसमोर असताना, आपण घ्यावयाची मोटार कोणती, हा प्रश्न नोकरदार, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे येणे स्वाभाविक आहे. वीज जवळजवळ फुकटच पडते असे एक सांगतो. वाचलेले पैसे गाडीच्या वाढीव किमतीतच जातात असे दुसरा म्हणतो. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. कोणाच्या बाबतीत कोणते म्हणणे खरे ठरेल, हे मोटार महिन्याला किती चालते आणि ती कोठे चार्ज होते या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

हिशेब कसा मांडावा

भोसरीहून चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात रोज जाणाऱ्या व परत येणाऱ्या एका मोटारीचे उदाहरण घेऊ. दिवसाला सुमारे ४० कि.मी. आणि महिन्याचे २५ दिवस धरले असता १,००० कि.मी. होतात. पुढील दर हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या पंपावरील व वीजबिलावरील आकडे घालावेत.

पेट्रोल लिटरला १०४ रुपये व गर्दीच्या रस्त्यावर लिटरमागे १३ कि.मी. धरल्यास किलोमीटरला ८ रुपये पडतात. सी.एन.जी. किलोला ९० रुपये व किलोमागे २० कि.मी. धरल्यास साडेचार रुपये होतात. विजेच्या मोटारीस चार्जिंगमधील तूट धरून एका युनिटात सुमारे ६ कि.मी. अंतर मिळते असे मानू. घरी युनिटला १५ रुपये पडत असतील तर किलोमीटरला अडीच रुपये, आणि सार्वजनिक जलद चार्जिंग केंद्रावर २४ रुपये पडत असतील तर ४ रुपये खर्च येतो.

म्हणजेच १,००० कि.मी. साठी पेट्रोलला ८,०००, सी.एन.जी.ला ४,५००, घरच्या विजेला २,५०० आणि सार्वजनिक केंद्रावर ४,००० रुपये महिन्याला लागतील.

वाढीव किंमत केव्हा वसूल होते?

विजेची मोटार तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा ३ लाख रुपयांनी महाग आहे असे समजू. घरी चार्जिंग करणाऱ्याची वर्षाला ६६,००० रुपये बचत होऊन ही रक्कम सुमारे साडेचार वर्षांत वसूल होईल. केवळ सार्वजनिक केंद्रावर विसंबणाऱ्यास सव्वासहा वर्षे लागतील. महिन्याला ३०० कि.मी.च फिरणाऱ्याला मात्र घरी चार्जिंग करूनही १५ वर्षे थांबावे लागेल. तुलना सी.एन.जी.शी केली आणि किमतीतील फरक अडीच लाख धरला, तर घरच्या चार्जिंगवरही १० वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि सार्वजनिक केंद्रावर महिन्याला जेमतेम ५०० रुपये वाचतात.

वीजबिलाचा टप्पा

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार वाढतात. १,००० कि.मी. साठी सुमारे १६७ युनिटे लागतात. ज्या घरात आधी २०० युनिटे जळत होती, तेथे वापर ३०० च्या पुढे जातो आणि वरची युनिटे महाग टप्प्यात पडतात. म्हणून बिलाच्या सरासरी दराने हिशेब करणे चुकीचे होय. वाढलेल्या युनिटांना प्रत्यक्ष किती पडले, ते पाहावे. वाहनांच्या चार्जिंगसाठी वीजदरात स्वतंत्र वर्ग आहे. गृहनिर्माण संस्थांनी त्याखाली वेगळी जोडणी घेण्याची चौकशी करणे हिताचे ठरेल. रोजच्या ४० कि.मी. साठी सुमारे ७ युनिटे पुरतात. १५ अँपियरच्या साध्या प्लगवर ती दोन-अडीच तासांत भरतात. तत्पूर्वी घराचा मंजूर वीजभार व अर्थिंग तपासून घ्यावे.

इंधनाव्यतिरिक्त खर्च

विजेच्या मोटारीस इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग व क्लच यांचा खर्च नाही. वेग कमी करताना मोटरच वीज परत बॅटरीत भरते, त्यामुळे ब्रेकची झीजही कमी होते. उलट बॅटरीच्या वजनामुळे टायर लवकर झिजू शकतात. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात २०२२ पासून १५ टक्के सवलत ठेवण्यात आली. परंतु स्वतःच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किमतीवर ठरत असल्याने तो अधिक पडू शकतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना पथकरातून माफी देण्याची तरतूद आहे. सर्वांत मोठी जोखीम बॅटरीची होय. तिच्या हमीची वर्षे, किलोमीटर व अटी लेखी पाहूनच निर्णय घ्यावा.

ग्रामपंचायतींसाठी

हाच हिशेब घंटागाडीलाही लागू पडतो. तिचा मार्ग ठरलेला असतो, रोजचे अंतर माहीत असते आणि रात्री ती एकाच जागी उभी राहते. विजेच्या वाहनास याहून अनुकूल काम क्वचितच असेल. मात्र फेरी फारच लहान असेल तर येथेही वाढीव किंमत वसूल होणार नाही. म्हणून दरपत्रके मागविण्यापूर्वी सध्याच्या वाहनाच्या लॉगबुकमधून एका महिन्याचे किलोमीटर, इंधन व दुरुस्ती या तीन नोंदी काढून सभेपुढे ठेवाव्यात. वाहन विजेचे घ्यावे की इंधनाचे, याचे उत्तर बहुधा त्या एका कागदावरच मिळेल.