भारत जोडो आणि पाण्याची पाळी



२४ डिसेंबर १९८५ रोजी बाबा आमटे यांच्यासोबत शंभरावर तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाले. नाव 'भारत जोडो', अंतर ५,०४२ किलोमीटर. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसवत नसे. ते गाडीत आडवे पडून सोबत होते. १९८८ मध्ये दुसरी फेरी निघाली, ती भरपावसाच्या इटानगरहून गुजरातच्या कोरड्या किनाऱ्यावरील ओख्यापर्यंत.

आम्हाला यात घेण्यासारखे एकच वाटते. ताफा एकत्र न्यायचा, तर वेग मागच्याला झेपेल तेवढाच ठेवावा लागतो. आपल्या धर्मापुरी शिवारातही तेच. सामाईक विहिरीवर एकाने पाळी लांबवली, की शेवटच्याचा ऊस वाळलाच म्हणा! तेव्हा मंडळी, उन्हाळ्याची पाळी ठरवताना आधी शेवटच्या गड्याला विचारा.