शेजारची वाटी

शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावें आणि वाटी परत करतांना तींत चार हिरव्या मिरच्या किंवा घरचें लिंबू घालून द्यावें, ही रीत कोणीं लिहून ठेविली नाहीं. तरी ती आमच्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली. रिकामें भांडें परत करूं नये, असें वडीलधारीं माणसें सांगत. या लहानशा नियमाच्या मुळाशीं कोणता विचार आहे, हें पाहण्याजोगें आहे.

जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८७५ सालीं वस्तुविनिमयांतील मुख्य अडचण दाखविली. आपणांस हवें तें दुसऱ्यापाशीं असावें आणि त्यास हवें तें नेमकें त्याच वेळीं आपणांपाशीं असावें, असा योग क्वचितच येतो. पैशानें ती अडचण दूर होते. बाजारापुरतें हें खरेंच आहे. शेजारांत मात्र ती फारशी भासत नाहीं. कारण तेथें परतफेडीस मुदत नसते. श्रावणांत आळूचीं पानें दिलीं, तर चैत्रांत चार कैऱ्या येतात. शेतकऱ्यांतील 'सावड' याच प्रकारची: आज सर्वांनीं एकाच्या शेतांत राबावें, उद्यां दुसऱ्याच्या. उन्हाळ्यांत पापड लाटावयास आळीपाळीनें एकमेकींकडे जाणाऱ्या बायकाही एक प्रकारें सावडच करीत.

तथापि जुनें तें सर्वच गोड होतें, असें मानूं नये. बलुतेपद्धतींतही कामाच्या बदल्यांत धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांवगाडा' या ग्रंथांत तिचें वर्णन आहे. परंतु तेथें कोणीं कोणतें काम करावयाचें, हें बहुधा जन्मानेंच ठरलेलें असे. नाकारण्याची मुभा जेथें नाहीं, तेथील देवघेवीस शेजारधर्म म्हणतां येत नाहीं.

आमच्या मतें यांत जपावयाची गोष्ट एकच: समोरच्यासही देऊं द्यावें. एखादी गृहिणी शेजारच्या एकट्या वृद्धेस आपल्या कुंडींतील कढीलिंब नेहमीं देते, आणि वृद्धेनें कांहीं पुढें केलें, कीं "असूं द्या हो आजी, कशाला?" म्हणून मागें सारते. हेतु चांगला, परिणाम असा, कीं चौथ्या वेळेस आजी मागावयास येतच नाहींत. आजींपाशीं झाड नसेल. पण लोणच्याचा हात असतो, दुपारीं घटकाभर मूल सांभाळण्याची हौस असते. तें मागून घ्यावें. मग कढीलिंब मागतांना त्यांस संकोच वाटत नाहीं.

सदनिकांच्या या काळांत अंगणें गेलीं, तरी कुंडींतील गवती चहा, घरचें विरजण आणि हातचें कौशल्य उरलेंच आहे. देवघेवीचा हिशेब वहींत मांडूं नये. पण एकाच घरावर भार पडत असेल, तर तें आपण होऊन ओळखावें. आणि घरांतील सुनेचे श्रम तिला न विचारतां शेजारीं कबूल करूं नयेत. जें द्यावयाचें तें आपलें असावें.