वंशावळीतील दुबार नोंदी

वंशावळ-सॉफ्टवेअरमध्ये एकाच व्यक्तीच्या दोन किंवा अधिक स्वतंत्र नोंदी झाल्यास त्यांना 'दुबार नोंदी' म्हणतात. अशा नोंदी पडताळून एक करण्याच्या क्रियेस 'विलीनीकरण' ही संज्ञा आहे. दुबार नोंदीमुळे एका माणसाची माहिती दोन ठिकाणी विखुरते. याउलट दोन भिन्न माणसे चुकीने एक केली गेल्यास त्यांच्या वंशजांना परके पूर्वज चिकटतात. पहिली चूक केव्हाही सुधारता येते. दुसरी बहुधा लक्षातही येत नाही. वारसनोंद, जात पडताळणी अशा कामांत वंशावळ मांडावी लागत असल्याने हा भेद महत्त्वाचा ठरतो.

कारणे

वंशावळीची देवाणघेवाण प्रामुख्याने 'जेडकॉम' स्वरूपाच्या फाइलींतून होते. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या संस्थेने १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक व्यक्तीस व कुटुंबास क्रमांक असतो. मात्र तो त्या फाइलीपुरताच लागू असतो. दोन चुलतभावांच्या फाइली एकत्र केल्यावर दोहोंतील आजोबा एकच आहेत, हे या क्रमांकांवरून संगणकास कळत नाही. ते दोनदा नोंदले जातात.

मराठी वंशावळींत आणखी काही कारणे आढळतात:

* विवाहानंतरचे नाव: आडनावाबरोबर स्त्रीचे नावही बदलण्याची प्रथा होती. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई माहेरच्या मणिकर्णिका तांबे होत्या.
* दत्तकविधान: बडोद्याचे तिसरे सयाजीराव गायकवाड यांचे मूळ नाव गोपाळराव, १८७५ मध्ये ते दत्तक गेले. जेडकॉममध्ये एकाच व्यक्तीस जन्मकुटुंब व दत्तककुटुंब अशा दोन्ही ठिकाणी जोडता येते. त्यामुळे वेगळी नोंद करण्याची आवश्यकता नसते.
* लेखनभेद: मोडी लिपीत इ-ई आणि उ-ऊ यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळले जात नाहीत. रोमन लिपीतही एकच आडनाव अनेक प्रकारे लिहिलेले सापडते.

नामसाम्य

आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रूढीमुळे भिन्न व्यक्ती एकच भासतात. बाळाजी विश्वनाथ हे पहिले बाजीराव पेशवे यांचे वडील, तर बाळाजी बाजीराव हे त्यांचे पुत्र. 'नानासाहेब पेशवे' या नावाने बाळाजी बाजीराव (मृत्यू १७६१) ओळखले जातात, तसेच १८५७ च्या उठावातील धोंडोपंत, म्हणजे दुसऱ्या बाजीरावांचे दत्तकपुत्र, हेही. ज्या घराण्यात दोनच नावे आलटूनपालटून येतात, तेथे वडिलांचे नाव जुळणेही पुरेसे नसते. पिढी मोजावी लागते.

शोध व विलीनीकरण

सॉफ्टवेअर नाव, तारखा, स्थळ व नातलग यांची तुलना करून संभाव्य जोड्या दाखवते. उच्चारसाम्यासाठी वापरली जाणारी 'साउंडेक्स' पद्धत (पेटंट १९१८) नावाचे पहिले अक्षर व तीन अंक यांचा संकेत तयार करते. ती रोमन अक्षरांवर बेतलेली असल्याने देवनागरी नावांना थेट लागू पडत नाही. 'ग्रॅम्प्स' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्येही असा शोध घेण्याची सोय आहे; निर्णय मात्र वापरकर्त्याचा असतो.

विलीनीकरणाचा सामान्य क्रम पुढीलप्रमाणे असतो:

# मूळ फाइलीची प्रत राखून ठेवणे.
# आई-वडील, जोडीदार, अपत्ये व गाव स्वतंत्रपणे जुळतात का, हे पाहणे.
# परस्परविरोधी तारखांपैकी एक खोडून न टाकता दोन्ही त्यांच्या आधारासह ठेवणे.
# जुनी नावे पर्यायी नावे म्हणून जतन करणे.
# पुरावा अपुरा असल्यास नोंदी वेगळ्या ठेवून तसा शेरा लिहिणे.

फाइलींची मांडणी

एकच मुख्य फाइल ठेवावी आणि इतरांकडून आलेली फाइल आधी स्वतंत्रपणे तपासावी, असा संकेत आहे. प्रतींच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घातल्यास त्या कालक्रमाने लागतात. जेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत छायाचित्रे नसून केवळ त्यांचे स्थान नोंदलेले असते; म्हणून छायाचित्रांचा संच सोबत पाठवावा लागतो. २०२१ मधील ७.० आवृत्तीने दोन्ही एकाच संकुचित फाइलीत बांधण्याची सोय केली.

हे सुद्धा पहा

* कुलवृत्तांत
* दत्तकविधान
* मोडी लिपी