पुरस्थ ग्रंथीची वाढ : आजोबांचे न सांगितलेले दुखणे

बालरोगतज्ज्ञाने पुरस्थ ग्रंथीवर, म्हणजेच प्रोस्टेटवर, लिहावे हे आमच्या शल्यचिकित्सक मित्रांना गमतीचे वाटेल. परंतु नातवंडांना दवाखान्यात आणतात ते बहुधा आजोबा. नातवाची तपासणी आटोपली की आवाज खाली आणून ते विचारतात, ‘‘डॉक्टर, रात्री चार-चार वेळा उठावे लागते. वयामुळेच ना?’’ घरी मुलाला, सुनेला सांगण्याचा संकोच असतो.

मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असलेली ही ग्रंथी तारुण्यात अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. वीर्यातील काही द्रव ती निर्माण करते. चाळिशीनंतर मूत्रमार्गालगतचा तिचा भाग वाढू लागतो. साठीपर्यंत जवळजवळ निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मार्ग दबला की मूत्राशयाच्या स्नायूला जोर करावा लागतो. तो जाड आणि चिडखोर बनतो. धार बारीक होणे, ती सुरू होण्यास वेळ लागणे आणि थोडे साठताच घाई होणे ही सारी त्याचीच लक्षणे. मूत्रमार्गात जन्मतः पडदा असलेल्या मुलग्यांत आम्हीही हेच पाहतो. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचे प्रमाण मात्र जुळतेच असे नाही.

या विकारावरील एका औषधाचे मूळ बालकांपाशी आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषी लक्षणे उमटत. टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी रूप घडविणारे विकर त्यांच्यात कमी असल्याचे ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिनली व सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवले. मोठेपणी त्यांची पुरस्थ ग्रंथी लहानच राहिली होती. तेच विकर रोखणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याचा गुण येण्यास सहा महिने लागतात. तोवर रक्तातील पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, हे अहवाल वाचताना विसरू नये. टॅमसुलोसिन स्नायू सैल करून काही दिवसांत आराम देते. ते घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे, कारण शस्त्रक्रियेत बाहुली अनपेक्षितपणे आकसू शकते.

एक चूक माझ्या हातून घडली आहे. नातवाबरोबर आलेल्या, शिंकणाऱ्या एका आजोबांनी ‘‘मलाही एखादी गोळी द्या,’’ म्हटले आणि मी क्लोरफेनिरामिन व फेनिलएफ्रिन असलेली सर्दीची गोळी सहज लिहून दिली. लघवीविषयी विचारले नाही. त्याच रात्री त्यांची लघवी पूर्ण बंद झाली आणि नळी घालावी लागली. यातील एक औषध मूत्राशयाचे आकुंचन मंदावते, तर दुसरे त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळते. दुकानातून आणलेल्या किंवा घरात उरलेल्या सर्दीच्या औषधानेही असेच घडू शकते.

आजोबांच्या मनातील खरी भीती कर्करोगाची असते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र दोन्ही विकार एकाच ग्रंथीत असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये. लघवीत रक्त, थंडी-ताप, किंवा फुगलेले ओटीपोट आणि आपोआप गळणारी लघवी दिसल्यास त्याच दिवशी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. लघवी अजिबात होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.